दोनशे बारा सेंटिमीटर

भिंतीवर जमिनीपासून २१२ सेंटिमीटरवर एक रेघ ओढलेली असते. उमेदवाराने पायातले बूट काढायचे, भिंतीला लागून उभं राहायचं, टाचा उचलायच्या आणि हात वर ताणून बोटांची टोकं त्या रेघेला टेकवायची. खांदा जेवढा सुटेल तेवढा सोडायचा, पण पाय जमिनीवरून उडता कामा नयेत. बोटं टेकली की पुढच्या टेबलाकडे जायचं. नाही टेकली तर त्या दिवसाचं काम तिथेच संपतं. एमिरेट्स, कतार एअरवेज अशा आखाती कंपन्यांच्या केबिन क्रू निवडीत बहुतेकांची गाठ पहिल्यांदा या रेघेशी पडते.

आपल्याकडे महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात या नोकरीला अजून ‘एअर होस्टेस’ म्हणतात, आणि ती देखणेपणावर मिळते असा समज बेळगावपासून कागलपर्यंत घरोघरी आहे. त्या समजाला पहिला धक्का ही रेघच देते. विमानात प्रवाशांच्या डोक्यावर जे कप्पे असतात, त्यांत सगळ्या प्रवाशांच्याच बॅगा नसतात. काही कप्प्यांत आग विझवण्याची नळकांडी, हातात धरून नेता येणारे ऑक्सिजनचे सिलिंडर, धुरात शिरताना डोक्यावर चढवायचा मुखवटा, मेगाफोन, प्रथमोपचाराची पेटी ठेवलेली असते. मागच्या रांगेत बॅटरीने पेट घेतला, तर खुर्चीवर चढून नळकांडं काढायला सवड नसते. ते उभ्या उभ्या हाताला लागलं पाहिजे. २१२ चा आकडा तिथून आला आहे.

या अटीत एक कठोरपणाही आहे, तोही सांगितला पाहिजे. प्रौढ भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास भरते. देशी कंपन्या मुलींसाठी साधारण १५५ सेंटिमीटरची अट घालतात, एमिरेट्स १६० मागते. म्हणजे निम्म्याहून अधिक मुली अर्ज भरण्याआधीच बाहेर पडतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. म्हणून माझं सांगणं असं, की निवडीसाठी रात्रभर एसटीत बसून पुण्याला जाण्याआधी घरच्या भिंतीवर शिंप्याच्या टेपने २१२ मोजा, पेन्सिलने खूण करा आणि अनवाणी हात लावून बघा. दोन मिनिटांत कळणारी गोष्ट कळायला प्रवासखर्च आणि मनस्ताप कशाला?

गंमत अशी, की या नोकरीची सुरुवात झाली तेव्हा अट बरोबर उलटी होती. १५ मे १९३० रोजी एलन चर्च ही अमेरिकन परिचारिका बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात चढली आणि जगातली पहिली विमान परिचारिका ठरली. तिला खरं तर वैमानिक व्हायचं होतं, तसं शिक्षणही तिने घेतलं होतं. बाईला वैमानिक करायला कंपनी तयार नव्हती, तेव्हा तिने सुचवलं की निदान परिचारिका तरी विमानात ठेवा, लोकांची उडण्याची भीती कमी होईल. कंपनीने आठ परिचारिका घेतल्या. त्या अविवाहित हव्या होत्या, वय पंचविशीच्या आत, वजन ११५ पौंडांच्या आत आणि उंची ५ फूट ४ इंचांच्या आत. विमानं लहान होती, छत बुटकं होतं, जास्तीचं वजन परवडत नव्हतं. तेव्हा उंच मुलगी नको होती, आज बुटकी नको. मोजपट्टी विमानाच्या मापाने बदलते, तिच्यावरून कुणी स्वतःची किंमत ठरवू नये.

लग्नाची अट मात्र विमानाच्या मापाशी बांधलेली नव्हती, आणि ती आपल्या देशात फार काळ टिकली. एअर इंडियात हवाई सुंदरीने पस्तिशीला निवृत्त व्हायचं, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी सोडायची, आणि पहिल्यांदा गरोदर राहिली की घरी जायचं, असा नियम होता. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला आव्हान दिलं. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाचं कलम रद्द केलं आणि नोकरी पस्तिशीपुढे वाढवायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर सोपवणारी तरतूदही काढली. चार वर्षांची लग्नबंदी मात्र न्यायालयाने योग्य ठरवली. माझ्या मते तो निकाल अर्धाच न्याय देणारा होता. पण आज मुलीच्या करिअरविषयी बोलताना ‘ही काय लग्नाआधीची दोन-चार वर्षांची नोकरी’ असं जे म्हटलं जातं, त्याचं मूळ त्या जुन्या नियमांत आहे, हे त्यातून ध्यानात येतं. नियम गेले, बोलणं राहिलं.

आता प्रत्यक्ष दिवसाकडे वळू.

देशी कंपन्या याला ‘वॉक-इन’ म्हणतात, आखाती कंपन्या ‘असेसमेंट डे’. तारीख आणि हॉटेलचा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येतो. बेळगावहून पुणे साडेतीनशे किलोमीटर आणि बेंगळुरू पाचशे. निपाणीला तर रेल्वेच नाही, त्यामुळे महामार्गावर उभं राहून बस पकडायची. सकाळी नऊची वेळ असेल तर सातपासून हॉटेलच्या दारात रांग लागते. इस्त्रीचा शर्ट, केसांचा घट्ट अंबाडा, हातात फाईल. रात्रभर बसमध्ये बसून आलेल्या मुलीला तिथे ताजंतवानं दिसावं लागतं, म्हणून जमेल त्याने आदल्या दिवशी दुपारीच पोहोचावं आणि नातेवाइकाकडे मुक्काम करावा. हा खर्चाचा नव्हे, निवडीचाच भाग आहे असं धरून चालावं.

क्रम कंपनीगणिक थोडा बदलतो. आधी कागदपत्रं आणि उंची-वजन. मग ‘ग्रूमिंग’ची पाहणी: दात, त्वचा, नखं, आणि गणवेशाबाहेर दिसेल अशा जागी गोंदण आहे का. हातावर नाव किंवा चित्र गोंदवून घेण्याची हौस आपल्या जत्रांत स्वस्तात भागते. दिसणाऱ्या जागेवरचं गोंदण या नोकरीच्या आड येतं, हे शाळेतल्या पोरांना वेळेवर सांगायला हवं. काही ठिकाणी गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट घालून या असं सांगतात. चिकोडी-संकेश्वरकडच्या एखाद्या घरात त्यावरून दोन दिवस बोलणं बंद होऊ शकतं. घरच्यांनी एवढं जाणून घ्यावं, की आखाती आणि काही देशी कंपन्यांचा गणवेशच तो आहे. एअर इंडियात साडी अजून आहे. मनीष मल्होत्रा यांनी केलेला नवा गणवेश २०२३ च्या डिसेंबरात आला, त्यातही साडी राहिली.

यानंतर एक छोटा उतारा वाचायला देतात, बहुधा विमानात केली जाते तशी सूचना. किंवा मिनिटभर स्वतःविषयी बोला म्हणतात. इथे आपली पोरं पाठ केलेलं इंग्रजी एका दमात म्हणून टाकतात, आणि मध्येच परीक्षकाने साधा प्रश्न विचारला की गाडी अडते. तुमचं इंग्रजी लंडनचं असावं अशी कुणाची अपेक्षा नसते. वाक्य पुरं होतं का, शेवटचा शब्द ऐकू येतो का, समोरच्याकडे बघून बोलता का, हे पाहतात. मराठी वळणाचं इंग्रजी चालतं, पुटपुटणं चालत नाही.

त्याचं कारण एका खऱ्या प्रसंगात दिसतं. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या छोट्या विमानाला धडकलं आणि पेटलं. आत प्रवासी आणि कर्मचारी मिळून ३७९ माणसं होती. आतली उद्घोषणा यंत्रणा बंद पडली. नऊ जणांच्या केबिन क्रूने मेगाफोनने आणि नुसत्या आवाजाने लोकांना खाली बसवलं, बॅगा सोडायला लावल्या, खिडकीबाहेर आग कुठे आहे ते बघून आठांपैकी तीनच दरवाजे वापरले, आणि त्या विमानातली सगळी ३७९ माणसं जिवंत बाहेर पडली. धडकलेल्या छोट्या विमानातले पाच जण मात्र दगावले. निवडीच्या खोलीत तुमचा आवाज ऐकणाऱ्या माणसाच्या डोक्यात असा एखादा प्रसंग असतो.

दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात गैरसमजाचा भाग म्हणजे गटाचं काम. आठ-दहा जणांना गोलात बसवतात आणि एक पेच देतात. समजा, हॉटेलातल्या पाच खोल्यांत अचानक पाणी शिरलं, उरल्या तीनच, आणि दारात पाहुणे आठ आहेत. चाकाच्या खुर्चीतले आजोबा, जुळी तान्ही बाळं घेऊन आलेली आई, नवं जोडपं, सिनेमातला नट, दर महिन्याला येणारा व्यापारी. कुणाला खोली द्यायची, दहा मिनिटांत ठरवा. परीक्षक दोन बाजूंना वह्या घेऊन उभे राहतात, एक शब्द बोलत नाहीत.

आजोबांना खोली दिली की नटाला दिली, याला गुण नसतात. लिहिलं जातं ते वेगळंच. एक मुलगी मघापासून तोंड उघडते आणि कुणीतरी मध्ये घुसल्यामुळे मिटते. तिच्याकडे वळून ‘तुमचं काय मत होतं?’ असं कुणी विचारलं? सात मिनिटं झाली, आता ठरवू या, असं कुणी म्हटलं? आपलं म्हणणं मागे पडल्यावर कुणाचा चेहरा उतरला, आणि कोण तितक्याच उत्साहाने दुसऱ्याचा बेत पुढे नेऊ लागला? शेवटी निर्णय सांगायला उठलेल्याने ‘मी’ म्हटलं की ‘आम्ही’?

आमच्या सीमाभागात वक्तृत्व स्पर्धांची मोठी परंपरा आहे. शाळा-कॉलेजांत, गणेशोत्सवात, वाचनालयांत पोरं लहानपणापासून व्यासपीठावर उभी राहतात. ती परंपरा मला प्रिय आहे. पण तिथे घडलेला चांगला वक्ता या गोलात बसला, की पहिलं वाक्य मोठ्या आवाजात टाकतो, समोरच्याचा मुद्दा खोडतो, टाळ्यांची वाट पाहिल्यासारखा थांबतो, आणि पहिल्याच गाळणीत गळतो. त्याला कारण कुणी सांगत नाही, आणि तो समजतो की आपलं इंग्रजी कमी पडलं. इंग्रजी कमी पडलेलं नसतं, ऐकणं कमी पडलेलं असतं. पस्तीस हजार फुटांवर चार माणसांना चिंचोळ्या जागेत सहा-सहा तास काम करायचं असतं, आणि ती चार माणसं आदल्या दिवशी एकमेकांना ओळखतही नसतात. रोज जोडीदार बदलतात. तिथे स्वतःचं खरं करणारा माणूस धोक्याचा ठरतो.

उलट, बेळगावच्या खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत बापाच्या दुकानात बसलेली मुलगी बघा. एका गिऱ्हाइकाशी मराठी, दुसऱ्याशी कन्नड, तिसऱ्याशी हिंदी, गोव्याहून आलेल्याशी कोकणी. कोण चिडून आलंय, कुणाला घाई आहे, कोण नुसता भाव विचारून जाणार, हे तिला चेहऱ्यावरून कळतं. या मुलीच्या अंगात नोकरीचं निम्मं शिक्षण मुरलेलं असतं. पण अर्जात ‘अनुभव’ या रकान्यात ती ‘काही नाही’ असं लिहिते, आणि भाषांच्या रकान्यात कन्नड लिहायची विसरते. सीमाप्रश्नाची आपली वेदना खरी आहे, पण अर्जात येणारी भाषा लपवू नका. विमानात चढलेल्या म्हाताऱ्या कन्नड बाईला छातीत दुखतंय हे तिच्या भाषेत समजून घेणारं कुणी असलं, तर त्याने जीव वाचतो.

मधल्या फेऱ्यांनंतर दर वेळी नंबर पुकारतात किंवा यादी लावतात. शंभरांतले साठ, मग तीस, मग दहा. ज्यांचा नंबर येत नाही त्यांना धन्यवाद देऊन पाठवतात, कारण सांगत नाहीत. कोवळ्या वयात हे लागतं. बाहेर लॉबीत फोन कानाला लावून रडणारी पोरं या दिवशी दिसतातच. बहुतेक कंपन्या काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करू देतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निवड होणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, हे घरच्यांनी आधीच सांगून ठेवावं.

शेवटची मुलाखत समोरासमोर होते. ‘तुम्ही रागावलेल्या ग्राहकाशी कसं वागाल?’ असं विचारत नाहीत. ‘तुमच्यावर अवघड वेळ आली असा एक प्रसंग सांगा, तुम्ही काय केलंत?’ असं विचारतात. मग खोदत जातात. पुढे काय झालं, दुसरं काय करता आलं असतं, बरोबर कोण होतं. रचलेली गोष्ट तिसऱ्या प्रश्नाला उघडी पडते. आमच्या भागातल्या मुलांना रचायची गरजही नाही. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर आलं, वाहतूक थांबली, ट्रकच्या रांगा लागल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्या दिवसांत कितीतरी कॉलेजच्या पोरापोरींनी अडकलेल्या चालकांना भाकरी पोहोचवल्या, शाळांत निवारे चालवले, म्हाताऱ्यांची औषधं शोधून आणली. त्यातलं आपण स्वतः काय केलं, ते चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे: काय घडलं होतं, माझ्याकडे काय काम होतं, मी काय केलं, त्यातून काय झालं. जमावाची गोष्ट सांगू नका, तुमच्या वाट्याची सांगा.

कागदपत्रांबद्दल थोडं, कारण निवड झालेली मुलं इथे अडकतात. पासपोर्ट हवाच, आणि तो अर्ज करण्याआधी हातात हवा. कर्नाटकाच्या एसएसएलसीच्या (दहावीच्या) गुणपत्रिकेवर नाव एका पद्धतीने, आधारवर दुसऱ्या, आणि कुटुंबाचा अर्धा व्यवहार कोल्हापूर जिल्ह्यात असल्यामुळे तिसऱ्या कागदावर तिसऱ्याच पद्धतीने, असं सीमाभागात सर्रास आढळतं. कुठे आडनाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरं, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं. विमानतळाच्या आत काम करायला पार्श्वभूमीची तपासणी होऊन ओळखपत्र मिळावं लागतं, आणि तिथे असे फरक महाग पडतात. बेळगावचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं, त्यामुळे जन्मदाखल्यावर जुनं नाव आणि पासपोर्टवर नवं असू शकतं. गावाच्या नावाचा खुलासा सहज होतो, माणसाच्या नावाचा करताना महिने जातात. बारावीच्या सुट्टीतच हे काम उरकून घ्यावं.

निवडीनंतर आखाती कंपन्यांकडून जो फोन येतो त्याला इच्छुकांत ‘गोल्डन कॉल’ म्हणतात. तो आला म्हणजे नोकरी लागली असं नाही. वैद्यकीय तपासणी असते, आणि मग काही आठवड्यांचं प्रशिक्षण, ज्यात नापास झालं की घरी. धुराने भरलेल्या खोलीत आग शोधायची, दरवाजा उघडून घसरगुंडीवरून उडी मारायची, तरण तलावात तराफ्यावर माणसं ओढून घ्यायची, छाती दाबून हृदय चालू ठेवायचं, प्रसूती करायची. विमान बनवणाऱ्याला निम्मे दरवाजे बंद धरून नव्वद सेकंदांत सगळं विमान रिकामं होतं हे दाखवावं लागतं, आणि ते नव्वद सेकंद प्रत्यक्षात साधायचे असतात ते क्रूने. आमच्याकडची मुलं विहिरीत पोहायला शिकतात, मुलींना मात्र काठावर कपडे सांभाळायला बसवतात. मुलींनाही पाण्यात उतरवा, पुढे उपयोगी पडेल.

विमानात किती क्रू हवा हेही ठरलेलं असतं: नियमाने साधारण दर पन्नास आसनांमागे एक केबिन क्रू लागतो. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर २०१९ मध्ये सुरू झाली आणि पन्नास आसनी विमानं घेऊन बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडू लागली. तेवढ्या विमानात नियमाप्रमाणे एकच क्रू पुरतो. म्हणजे सांबऱ्याहून निघालेल्या पन्नास माणसांची आत जबाबदारी एका बावीस-तेवीस वर्षांच्या व्यक्तीवर असू शकते. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने बांधलेली ही धावपट्टी. शेजारीच हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि तिथून आता मुलीही अग्निवीर म्हणून बाहेर पडतात. हत्तरगीला महामार्गालगत एकस कंपनीच्या कारखान्यांत विमानांचे सुटे भाग घडतात. विमान हा आमच्या भागाला परका विषय राहिलेला नाही.

आणि धोक्याचं काय, असं आई-वडील विचारतात. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत एअर इंडियाचं विमान कोसळलं, त्यातल्या दहा केबिन क्रूंपैकी बरेच जण मुंबई, ठाणे, रायगड भागातली मुलं-मुली होती. साध्या घरांतली होती. त्यानंतर हा प्रश्न टाळून या नोकरीविषयी लिहिणं मला प्रामाणिक वाटत नाही. मोठ्या विमानांचा प्रवास रस्त्याच्या प्रवासाहून कितीतरी सुरक्षित आहे हे खरं आहे. त्या घरांना त्याचा काही उपयोग नाही, हेही खरं आहे. मुलीने किंवा मुलाने हे समजून-उमजून ठरवावं, आणि ठरवल्यावर घरच्यांनी पाठीशी राहावं, इतकंच मी म्हणेन.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. या नोकरीला बारावी पास पुरते. कुठल्याही खासगी ‘एअर होस्टेस अकादमी’चं प्रमाणपत्र ही अट नाही, कारण प्रशिक्षण विमान कंपनी स्वतःच देते. इंग्रजी सुधारायला कुणाकडे शिकवणी लावायची तर खुशाल लावा, पण ‘शंभर टक्के नोकरी’ या पाटीवर शेत गहाण टाकू नका. आणि निवडीसाठी, मुलाखतीसाठी, गणवेशासाठी किंवा ‘सीट पक्की करायला’ म्हणून कुणी फोनवरून पैसे मागितले, तर तो विमान कंपनीचा माणूस नाही. त्याला एक रुपयाही देऊ नका. फोन बंद करा आणि १९३० या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर कळवा.